जुनाट कावीळ असलेल्या प्रत्येकाला एच. पायलोरीचं औषध द्यावं का?

नीरफणस (धागाकर्ती)
माझ्या मोठ्या दिरांना बरीच वर्षं कावीळ ब (हिपॅटायटिस बी) आहे. विषाणू दाबणारी टेनोफोविरची गोळी चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातला विषाणू) खाली आलाय, पण सिरॉसिस (यकृतावर कायमचे व्रण) आधीच होऊन बसलेला. परवा दुर्बीण घातली तेव्हा जठरात एच. पायलोरी (हेलिकोबॅक्टर पायलोरी, अल्सर करणारा जंतू) निघाला. तेव्हापासून वाचतेय. याच कुळातला हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस उंदरांच्या यकृतात सूज आणि पुढे कॅन्सरही करतो, हे १९९४ पासून माहीत आहे. माणसाच्या यकृताच्या कॅन्सरमध्येही हेलिकोबॅक्टरचा डीएनए सापडलाय, त्यात कावीळ ब आणि क चे पेशंट होते. मग विषाणू एकटाच आरोपी कसा? माझं मत: जुनाट कावीळ असलेल्या प्रत्येकाची पायलोरीची तपासणी करावी आणि सापडला की औषध द्यावं. १९८४ मध्ये डॉक्टर बॅरी मार्शल हे दाखवायला स्वतः पायलोरीचे जंतू प्यायले, तोवर अल्सर म्हणजे टेन्शन आणि तिखट खाणं असंच सगळे धरून चालले होते. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तिरकस
मार्शलसाहेबांना जरा विश्रांती द्या. कुठलाही अर्धाकच्चा सिद्धांत असो, त्यांना साक्षीला उभं करतातच.

भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या जठरात हा जंतू आहे. लिव्हरच्या पेशंटमध्ये तो नाही सापडला तरच नवल. आणि डीएनए सापडला म्हणजे जिवंत जंतू सापडला असं नाही. आतड्यांतलं सगळं रक्त आधी यकृतातून गाळून जातं. सिरॉसिसमध्ये ती गाळणीच फाटलेली असते, काहीही अडकतं. दार मोडल्यावर कुत्रं घरात शिरलं, तर दार कुत्र्याने मोडलं म्हणायचं का?

तुमच्याच १९८४ सालातलं दुसरं उदाहरण घ्या. तैवानने त्या वर्षी बाळांना कावीळ ब ची लस द्यायला सुरुवात केली. पुढे मुलांमधला यकृताचा कॅन्सर स्पष्ट घटला. जंतूंना कुणी हातही लावला नव्हता.

नीरफणस
लस झालेल्या बाळाचं यकृत धडधाकटच राहिलं, तिथे जंतू काय करणार? मी आधीच खराब झालेल्या यकृताबद्दल बोलतेय. कावीळ क आता बहुतेकांची बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी जाते. तरीही सिरॉसिस झालेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगतातच ना? विषाणू गेल्यावरही धोका उरतो, तो कशामुळे?

तिरकस
व्रणांमुळे. आगीनंतर जळकी भिंत राहते, त्यासाठी दुसरा आगलाव्या शोधायची गरज नाही.

सुलभा_वाई
तुमचं दोघांचं जठरातच अडकलंय म्हणून लिहिते. माझ्या वडिलांना कावीळ क होती, नवी औषधं यायच्या आधीची गोष्ट. पोटात पाणी झालं होतं. एक दिवस ते असंबद्ध बोलायला लागले, मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली. ताप नाही, पोट दुखत नाही. एका दवाखान्यात वयाचं कारण सांगून दोन दिवस सलाइनवर ठेवलं. दुसरीकडे नेलं तर तिथल्या बाईंनी आधी सुईने पोटातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. त्यातल्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी घन मिलिमीटरमागे २५० च्या वर गेल्या की जंतुसंसर्ग धरतात, वडिलांच्या त्याहून कितीतरी जास्त होत्या. ई. कोलाय हा जंतू निघाला, त्यांच्याच आतड्यातला. अँटिबायोटिक आणि अल्ब्युमिनवर (शिरेतून देतात ते रक्तातलं प्रथिन) त्या वेळी वाचले.

तेव्हा जंतूंचा आणि या आजाराचा संबंध आहेच, पण तो पायलोरीपेक्षा मला आतड्यात जास्त दिसतो. विषाणू यकृत पोखरतो, मग घरचेच जंतू उलटतात. आणि हो, पायलोरीच्या कोर्समध्ये ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या असतात. सिरॉसिसमध्ये त्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत असा संसर्ग जास्त दिसतो. चौदा दिवसांनी आभाळ कोसळत नाही, पण नंतर 'जळजळ होते' म्हणून तीच गोळी वर्षभर चालू राहते, हे घरोघरी बघितलंय.

नीरफणस
सुलभाताई, ही गोळी भाऊजी आधीपासूनच रोज घेतात. कुणी विचारलंच नाही. पण मग पायलोरी तसाच ठेवायचा?

तिरकस
असं कोण म्हणालं? सापडलाय तर दिरांना औषध द्यावंच, पण अल्सर आणि जठराच्या कॅन्सरसाठी. सिरॉसिसमध्ये अल्सरमधून रक्त गेलं तर शुद्ध हरपण्यापर्यंत जातं. कोर्स मात्र लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवून ठरवा. माझा वाद तुमच्या 'प्रत्येकाला' या शब्दाशी आहे. आपल्याकडे या कोर्समधल्या मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक्सना हा जंतू आधीच बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही.

अवांतर: कावीळ ब घरात आहे, तर बाकीच्यांची तपासणी आणि लस झालीय ना?

नीरफणस
मुलींची झालीय. माझी आणि जाऊबाईंची नाही. सोमवारी दोघी जातो. आणि 'प्रत्येकाला' मी अजून मागे घेतलेलं नाही, 'सिरॉसिस झालेल्या प्रत्येकाला' एवढं करते.