फळांच्या उत्पादनाची देशादेशांत तुलना नेमकी करायची कशी?

मालवा_कन्या (इंदूर)
नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) साइटवरून १९६१पासूनचे आकडे उतरवून घेतलेत. भारत आणि इक्वाडोरची केळी, चीन आणि अमेरिकेची सफरचंदं, अमेरिका आणि ब्राझीलची संत्री, सगळं एकाच चार्टवर टाकलं तर चीनच्या आणि आपल्या लाइनी वर छताला जाऊन भिडतात आणि इक्वाडोर पार तळाशी. बाबा चोइथराम मंडीत मुनीम आहेत, त्यांनी चार्ट बघितला आणि म्हणाले, इक्वाडोरचं पीक एवढंसं तर मग परदेशात दुकानादुकानात त्यांचीच केळी कशी? मला सांगताच आलं नाही, आणि तेव्हापासून वाटतंय की माझा चार्टच चुकीचं बोलतोय. कोणी हे काम केलंय का?

आकडेमोड (बडोदा)
बाबांनी बरोबर नस पकडली बघ. इक्वाडोर साधारण ६०-७० लाख टन पिकवतो आणि त्यातला बहुतेक माल बोटीत चढतो, आपण ३ कोटी टनांच्या वर पिकवतो आणि जवळजवळ सगळं घरीच खातो. त्यामुळे उत्पादन आणि निर्यात हे दोन चार्ट वेगळेच कर, एकात कोंबू नकोस.

दुसरं, टनांऐवजी इंडेक्स घे, एखादा काळ १०० धरून. पण एकच वर्ष धरू नको, तीन-चार वर्षांची सरासरी धर, सफरचंद-आंब्याला एक वर्ष बहर आणि एक वर्ष आराम असं असतं. आणि चीनसाठी १९६१ तर अजिबात नको, तो दुष्काळाचा काळ, सफरचंदाचं पीकही तेव्हा अगदी थोडं, तिथून मोजलंस तर रेघ कुठल्या कुठे जाईल. १९९०च्या आसपासपासून बघ, चीन आणि अमेरिका दोघेही ४३-४४ लाख टनांवर, एकदम बरोबरीत. २०००पर्यंत चीन २ कोटींवर, अमेरिका जवळपास तिथेच. ऐंशीच्या दशकात तिथे फळांचा व्यापार मोकळा झाला, शेतकऱ्यांनी शेंडोंग आणि शाआन्शी प्रांतांत फुजी जातीच्या सफरचंदाच्या बागा लावल्या, झाडाला फळ धरायला काही वर्षं लागतात म्हणून उडी नव्वदीत दिसते. हे कारण लिहिलंस तरच त्या लाइनीला अर्थ आहे.

आणि आयटमची नावं नीट वाच. एफएओत आंब्याच्या आकड्यात पेरू आणि मँगोस्टीनपण मिसळलेले असतात, भाजीची केळी वेगळ्या नावाखाली असतात, ऑरेंज वेगळं आणि मँडरीन (सहज सोलणारं संत्रं) वेगळं. प्रत्येक आकड्याशेजारी खूण असते, सरकारी आहे की अंदाजे की मागाहून भरलेला, ती कॉलम लोक सरळ डिलीट करतात, तू करू नको.

केळीवाला_काका (बुऱ्हाणपूर)
बेटा, शेतकरी म्हणून एकच सांगतो, टन हा शेवटचा आकडा आहे, त्याच्या पोटात दोन आकडे आहेत, जमीन किती आणि एका हेक्टरात किती पिकलं. हे दोन वेगळे काढ, एफएओत दोन्ही मिळतात. भारताची केळी १९६१ला २२-२३ लाख टन होती, आज ३ कोटींच्या वर, हे काय नुसती जमीन वाढून झालेलं नाही. माझे वडील बसराई ही केळीची जुनी जात लावायचे, जुन्या बागेतून मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिलं) काढून आणायचे, कोणतं मोठं कोणतं लहान, त्यामुळे एकाच ओळीत एका झाडाला घड तयार आणि शेजारच्याला अजून कमळही (केळफूल) नाही, कापणी महिनोन्‌महिने चालायची आणि शेत दीड दीड वर्ष अडकून पडायचं. आता ग्रँड नैन जात, टिश्यू कल्चरची म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली एकसारखी रोपं, ड्रिपवर, वर्षाच्या आत-बाहेर सगळी ओळ एका दमात कापायला येते. म्हणजे घड तर भारी झालाच पण शेतसुद्धा लवकर मोकळं झालं, हे तुझ्या हेक्टरी आकड्यात वरून दिसणार नाही, लिहावं लागेल.

आणि चार्टमध्ये काय दिसत नाही तेही सांगतो. एका वर्षी माझ्याकडे मोझॅक हा विषाणूचा रोग आला, पानावर पिवळे पट्टे, औषधाने काही होत नाही, हाताने रोपं उपटून बांधावर टाकली, ओळीच्या ओळी रिकाम्या. त्या वर्षी देशाचा आकडा वरच गेला असणार. म्हणून जमलं तर जिल्ह्याचे आकडेही घे.

लिंबूटिंबू_नाही (इंदूर)
काकांच्या बोलण्याला जोडून, हाच प्रकार फ्लोरिडाच्या संत्र्यांचा बघ, फरक एवढाच की तिथे अख्खं राज्यच बसलं. १९९७-९८ला २४ कोटींच्या वर पेट्या, एक पेटी साधारण ४१ किलोची. २००५ला तिथे ग्रीनिंग हा संत्र्याच्या झाडांचा रोग सापडला, सिला नावाची बारीक कीड पसरवते, फळ हिरवट आणि कडू राहतं आणि झाड काही वर्षांत जातं. २०२२-२३ला दीड-पावणेदोन कोटी पेट्या, त्यात सप्टेंबर २०२२ला इयन वादळाने फळ झाडून नेलं ते वेगळंच. ब्राझीलमध्ये हा रोग त्याच्या आदल्या वर्षी, २००४ला सापडलेला, तरी ब्राझील आजही सगळ्यात मोठा आहे. अमेरिकेची फक्त देशाची लाइन काढलीस तर कॅलिफोर्नियाच्या पिकामुळे फ्लोरिडाचा खड्डा कमी खोल दिसतो. आणि पाच वर्षांची सरासरी लावलीस तर फ्लोरिडातल्या ऐंशीच्या दशकातल्या थंडीच्या लाटा सपाट होऊन जातील, आणि त्याच लाटांमुळे तर ब्राझीलच्या ज्यूसला बाजार मिळाला होता. सरासरी लाव, पण खाली मूळ आकडे फिक्या रंगात ठेवच.

मालवा_कन्या (इंदूर)
सगळ्यांचे खूप खूप आभार, काका तुमचे विशेष. काल रात्री केळीचं जमीन आणि हेक्टरी उत्पादन असं वेगळं काढलं, बाबांना बाजूला बसवून दाखवलं, इक्वाडोरचा निर्यातीचा चार्टही दाखवला, त्यांना लगेच पटलं. मग त्यांनी २०१७च्या आधीचं सांगितलं, चिनी फुजीचे खोके यायचे, प्रत्येक फळाला पांढरी फोमची जाळी, वर एकसारखा लाल रंग, गाळ्यावर ते आधी उचललं जायचं आणि काश्मीरवाले भाव ऐकून गप्प उभे राहायचे. २०१७ला भारतात चिनी सफरचंदावर बंदी आली आणि मंडीत सगळं बदललं. मी लगेच चार्ट उघडून २०१७ शोधलं, चीनच्या लाइनीत काहीच नाही, आपल्या लाइनीतही नाही. आता आयातीचे आकडेही जोडायला घेतेय, सफरचंदाचे महिन्यावार कुठे मिळतील?