‘कव्हर’ला आडोसा म्हणावे की आसरा?

पाटीपेन्सिल : भाचा आणि त्याचे तीन मित्र यांच्यासाठी मी ‘वॉरहॅमर ४०,०००’ या टेबलावर छोट्या पुतळ्या मांडून खेळायच्या युद्धखेळाचे नियम मराठीत उतरवत आहे. २०२३च्या दहाव्या आवृत्तीत पडक्या इमारतीत उभ्या असलेल्या सैनिकाला ‘कव्हर’चा लाभ मिळतो, म्हणजे बचावासाठी टाकलेल्या फाशात एक मिळवतात, जिथे चार पडावे लागत, तिथे तीन पुरतात. मी ‘आडोसा’ लिहिले आणि रविवारी डाव अर्धा तास अडून बसला. पुतळीचे शिरस्त्राण आणि एक खांदा भिंतीवरून स्वच्छ दिसत होता, तरी भाचा नेम धरू देईना. ‘आडोशाला आहे, मग दिसतोच कसा?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसरा शब्द सुचवावा.

उंबरठा : मुलाचे बरोबर आहे. आडोसा नजरेपासून असतो. कुंपणाची मेंदी माणसाला लपवते, पण गोळी अडवत नाही. दगडी बांध दोन्ही करतो. तेव्हा दृष्टिरेषा तुटते तिथे ‘आडोसा’ आणि बचाव सुधारतो तिथे ‘आसरा’ असे दोन शब्द ठेवावेत. आसरा हा ‘आश्रया’चाच तद्भव आहे, त्यामुळे संरक्षणाचा अर्थ त्यात मुळातच आहे.

गोफणगुंडा : सपशेल असहमत. पाऊस आला की आपण वळचणीच्या आडोशाला उभे राहतो, आणि पाऊस काही आपल्याला शोधत नसतो. शिवाय आसरा कोणीतरी कोणाला तरी देतो. पडकी भिंत कोणाला आसरा देणार? आमच्या गावी तर ‘आसरा’ म्हटले की विहिरीवरच्या साती आसरा आठवतात, आणि त्या आश्रयातून नव्हे, अप्सरांतून आल्या आहेत.

तिखटमीठ : ‘कव्हर’च ठेवा. आपण वहीला कव्हर घालतो, क्रिकेटमध्ये कव्हरला झेल देतो आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. खेळातल्या शब्दाचा अर्थ कोश नव्हे, नियम ठरवतो. २००८च्या पाचव्या आवृत्तीत कव्हरचा बचाव चिलखतापेक्षा वेगळा होता आणि दोहोंपैकी जो चांगला, त्याचाच फासा टाकत. आता चिलखताच्याच फाशात एक मिळवतात. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला.

पाटीपेन्सिल : पण मग भाषांतर कशाला करायचे? ‘आसरा’ची माझी अडचण निराळी आहे. ज्याला मुळातच तीन किंवा त्याहून कमी पुरतात, त्या जाड चिलखतवाल्याला चिलखत न भेदणाऱ्या साध्या माऱ्याविरुद्ध हा लाभ मिळतच नाही. आसरा घेतला आणि पदरात काहीच पडले नाही, हे मुलांना कसे पटवू?

उंबरठा : तो दोष नियमाचा, शब्दाचा नव्हे.

जुनाबुरूज : किल्ल्यांच्या शब्दांकडे कोणीच का पाहत नाही? तटावरच्या चर्येमागे, म्हणजे दातेरी कठड्यामागे, उभे राहायचे आणि जंगीतून, म्हणजे त्यातल्या भोकातून, मारा करायचा, ही नेमकी तुमचीच परिस्थिती आहे, ‘चर्येआड’ म्हणा. ‘टेरेन’साठी, म्हणजे टेबलावर मांडलेल्या पडक्या इमारती-भिंतींसाठी, तर ‘भूरचना’ हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द नकोच. दिवाळीत पोते चिखलात बुडवून, विटांवर टाकून, वर अळीव पेरून आपण जे करत आलो, ते दुसरे काय होते? मातीचे मावळे मांडायचे, एवढाच फरक.

गोफणगुंडा : परग्रहावरच्या कोसळलेल्या कारखान्याला चर्या? हा शुद्धतेचा नव्हे, हौसेचा अतिरेक झाला.

तिखटमीठ : कारखान्यावरून आठवले. मी थर्माकोलचा कारखाना केला होता आणि त्यावर थेट स्प्रे रंग मारला. रंगातल्या द्रावकाने दोन मजले डोळ्यांदेखत विरघळले. आधी पांढऱ्या डिंकात काळा पोस्टर रंग कालवून दोन हात द्यावे लागतात, हे त्यानंतर कळले.

जुनाबुरूज : त्या डिंकातच बारीक चाळलेली वाळू मिसळा, सिमेंटचा पोत येतो. उरलेले दोन मजले फेकू नका. अशा अर्धवट वितळलेल्या भागाला ‘पडझड’ म्हणावे की ‘ढिगारा’, हे मात्र ठरवायला हवे, कारण ढिगाऱ्यावर चढता येते.

पाटीपेन्सिल : आणि त्यामागे उभा असलेला सैनिक?

गोफणगुंडा : वाळू नदीची घ्यायची की बांधकामाची चालेल?