प्रतिसाद: ईआरपी म्हणजे नुसतं अकाउंटिंग नव्हे

वर कुणीतरी ईआरपीला 'मोठं अकाउंटिंग सॉफ्टवेअर' म्हटलंय, म्हणून थोडी भर. ईआरपी (एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग) म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब अशी कंपनीची कामं एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर. याचं मूळ हिशेबात नाही, कारखान्यातल्या मालाच्या नियोजनात आहे. ईआरपी हे नाव १९९० च्या सुमारास आलं. गोदामात माल आल्याची नोंद झाली की त्याच नोंदीवरून साठा वाढतो आणि हिशेबात देणंही उभं राहतं. पुढे पुरवठादाराचं बिल खरेदी-ऑर्डरशी आणि त्या नोंदीशी ताडलं जातं. मागवले शंभर, आले नव्वद, बिल शंभरचं, की पेमेंट अडलंच!

पण मास्टर डेटा, म्हणजे आयटम, पुरवठादार वगैरेंच्या मूळ याद्या, धड नसेल तर सगळं मुसळ केरात. एकच बोल्ट तीन कोडांखाली असेल, तर एका कोडात ढीग पडलेला असतानाही सिस्टम दुसऱ्या कोडाखाली बिनदिक्कत नवीन मागवायला सांगेल. त्यामुळे डेमो बघत बसण्याआधी आयटमची यादी साफ करायला घ्या. कंटाळवाणं काम आहे, आणि सॉफ्टवेअर विकणारा ते सहसा करून देत नाही.