भजन मंडळाची आठ गाणी: ऑनलाइन एकदम टाकावी की एकेक?

खंजिरीकर (दर्यापूर तालुका)
नमस्कार मंडळी. आमच्या गावात खंजिरी भजन आजोबांपासून चालत आलं. यंदा वर्गणी करून अमरावतीच्या एका स्टुडिओत आठ गाणी रेकॉर्ड केली. पाच तुकडोजी महाराजांची भजनं, दोन काकांनी स्वतः रचलेली, एक पोळ्याला बैलांपुढे म्हणतात त्या झडत्या. बाबांचं म्हणणं, जशी कॅसेट निघायची तशी आठही एकदम काढा. स्टुडिओवाला म्हणतो एकेक काढा, अन् सुरुवातीचा आलाप उडवा. एक भजन तर चौदा मिनिटांचं आहे! कोणाचं ऐकू? आणि टाकायचं कोणामार्फत?

ट्रॅक्टरवाला
भाऊ, आधी हे सांग, आयकणार कोन हाय? आमच्या गावात स्पॉटिफायसारखं गान्याचं ॲप कोनाच्या मोबाईलात नाई. चौकातल्या मोबाईलच्या दुकानातून पेन ड्राईव्ह भरून आनतेत अन् ट्रॅक्टरवर दिवसभर लावतेत. तुमचं भजन शंभर ट्रॅक्टरवर वाजलं तरी त्याची नोंद कुठीच होत नाई. तरी बी मी म्हनतो, ते पेन ड्राईव्ह पयले भरून द्या. नाव तिथूनच होते.

माईकमागे (यवतमाळ)
ट्रॅक्टरवाले दादा खरं बोलले. पण खंजिरीकर, तुझा स्टुडिओवाला अर्धाच बरोबर आहे.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते. पुढे गाणं तीन मिनिटं चालो की चौदा, मोजणी एकच. म्हणून हल्ली सगळे मुखडा पुढे ओढतात. शिवाय २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही, त्याचा पैसाच निघत नाही. आठ एकदम टाकली तर लोक पहिली दोन ऐकतील, बाकीची तशीच पडून राहतील. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं पाठवता येतं, पण एका वेळी एकच, तेही प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी. एकेक काढलं तर आठ वेळा दार ठोठावता येईल.

यूट्यूबचा हिशेब मात्र उलटा. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले गेलेले लागतात. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माणूस सरासरी तीन मिनिटं थांबला तर ८०,००० वेळा लागायला हवं. एकादशीला देवघरात भजन लावून ठेवलं आणि बारा मिनिटं चाललं तर २०,००० वेळात काम होतं. तेव्हा चौदा मिनिटांचं भजन यूट्यूबवर अख्खं टाक, आलापासकट. शॉर्ट्सचे तास यात धरत नाहीत, हे लक्षात ठेव.

स्पॉटिफायसाठी तेच चार मिनिटांत वेगळं काढ. मला स्वतःला ते छाटलेलं भजन ऐकवणार नाही, ते सोड.

कारंजाची ताई
दादा, परवानगीचं काय? महाराजांचं निर्वाण १९६८ चं. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणजे २०२८ संपेपर्यंत थांबा, नाहीतर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून लेखी घ्या. देवळात म्हणणं वेगळं आणि स्वतःच्या नावावर टाकून पैसे घेणं वेगळं.

झडत्या पारंपरिक, त्याला अडचण नाही. रचनाकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’च लिहा, हौसेने स्वतःचं नाव घालू नका. काकांच्या दोन्ही गाण्यांवर मात्र त्यांचं नाव आलंच पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून सहजी काढून घेता येत नाही. काकांना आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद करून घ्या.

वडसा लाईन
पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला नाटकातला कलाकार आहे मी. दिवाळीनंतर नाटकांचा सिझन सुरू झाला की आम्हाले मोबाईल पाहाले फुरसत नसते. तेवढ्यात एका चॅनेलवाल्यानं गोड बोलून नाटकातल्या गाण्यांच्या कागदावर सही घेतली, पाच हजार हातात टेकवले. आता मीच माझ्या पानावर ते गाणं टाकलं की यूट्यूब म्हणते हक्क दुसऱ्याचा! ‘कायमस्वरूपी’ अन् ‘सर्व माध्यमं’ हे दोन शब्द कागदावर दिसले की सही करू नका, भाऊ.

खंजिरीकर
बाप रे. ताई, परवानगीचं डोक्यातच नव्हतं. मग कंपनी कोणती घेऊ?

माईकमागे
चॅनेलवाल्याला देऊच नको. गाणी सगळ्या ॲपवर पोचवणाऱ्या डिस्ट्रोकिडसारख्या कंपन्या वार्षिक वर्गणी घेतात आणि कमाई तुझीच. पण वर्गणी थकली तर गाणी खाली उतरतात, उतरू नयेत म्हणून प्रत्येक प्रकाशनाचे जादा पैसे मागतात. मंडळाची वर्गणी दरवर्षी गोळा होते ना, त्यात हे धरून ठेव. सीडी बेबीसारख्या एकदा पैसे घेतात आणि पुढे वाटा कापतात. गणपतीची वर्गणीसुद्धा थकत असेल तर हे दुसरं बरं.

झडत्यांवर कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबवर सारखं गाणं ओळखून आपोआप हक्क सांगणारी सोय, चालू करू नको, दुसऱ्या गावाच्या झडत्यांवरही दावा लागू शकतो आणि भांडण गावापर्यंत येईल. मूळ वेव्ह फाईल दोन ठिकाणी ठेव. रेसो आणि विंक ही गाण्यांची दोन्ही ॲप २०२४ मध्ये इथून बंद झाली, ॲपवर भरवसा ठेवून कोणी फाईल पुसत नाही.

ट्रॅक्टरवाला
अन् झडत्या पोळ्याच्या आधी काढजो. पोळा झाल्यावर कोन आयकते?

खंजिरीकर
ठरलं. आधी झडत्या, पोळ्याच्या महिनाभर आधी देऊन ठेवतो. मग काकांची दोन. महाराजांच्या भजनांसाठी परवानगीचा अर्ज लिहायला घेतलाय. बाबा अजून नाराज आहेत, म्हणतात आठ गाणी एका कव्हरात नाहीत तर घरात दाखवायचं काय. त्यांच्यासाठी आठही एका पेन ड्राईव्हमध्ये भरून, वर मंडळाचा फोटो चिकटवून देणार आहे. ट्रॅक्टरवाले दादा, एक तुम्हालाही पाठवतो, पत्ता मेसेजमध्ये टाका.