शब्दचर्चा : भागणे, वाटणे, गट पाडणे

रामबागकर : इंदुरात मुलं गणित हिंदीतून शिकतात आणि घरी अभ्यास मराठीतून होतो. मग ‘२४ मध्ये ६ चा भाग दे’ अशी वाक्यं सर्रास कानावर येतात. हे मराठी चालेल का? आणि भागफल, शेषफल यांना आपल्याकडे काय म्हणायचं? नुसतं ‘भाग’ म्हटलं तर पोरं पळायचा अभिनय करतात, ते वेगळंच.

तिलकनगर : नाही चालणार. ‘चौबीस में छह का भाग दो’ याची ती जशीच्या तशी नक्कल आहे. मराठीत एका संख्येला दुसरीने भागतात: ‘२४ ला ६ ने भाग.’ लिहिलेलं वाचताना ‘चोवीस भागिले सहा’. इथे २४ भाज्य, ६ भाजक. शेषफल म्हणजे आपली बाकी, भागफल म्हणजे भागाकार. आता गंमत अशी, की भागाकार हे क्रियेचंही नाव आणि उत्तराचंही, गुणाकारासारखंच. हिंदीत क्रियेला भाग, उत्तराला भागफल, असे दोन शब्द आहेत. तेवढ्यापुरती हिंदीची सोय जास्त.

पळण्याचा अर्थ मराठी ‘भागणे’त नाही. आपली तहान भागते, पगारात भागतं, माणूस थकूनभागून येतो.

अपूर्णांकात ‘तीन बटे चार’ऐवजी ‘तीन छेद चार’. हिंदीतला हर तो आपला छेद. हर परका मात्र नव्हे: भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) भाजकाला हरच म्हटलंय आणि भागाकाराला भागहार.

सुदामानगर : शब्दांपेक्षा जास्त घोळ वाक्यात होतो. ‘२४ लाडवांचे ४ गट पाडा’ आणि ‘२४ लाडवांचे ४-४ चे गट पाडा’, दोन्हीकडे २४ भागिले ४, उत्तर ६. पण पहिल्यात ते ६ लाडू आहेत, दुसऱ्यात ६ गट. सगळा फरक त्या दुहेरी ‘४-४’वर उभा आहे आणि घाईत नेमकं तेच गळतं. म्हणून उत्तरात नुसता आकडा लिहू देऊ नका, पुढे ‘लाडू’ की ‘गट’ तेही हवं.

हाताने करून दाखवायचं तर पहिल्यासाठी चार ताटल्या मांडा आणि प्रत्येकीत एकेक लाडू टाकत जा. सहा फेऱ्यांत लाडू संपतात. दुसऱ्यासाठी ताटल्या मांडूच नका. एका वेळी चार लाडू उचलून पुडा बांधायचा: २४, २०, १६, १२, ८, ४, ०. सहा वेळा वजाबाकी झाली, म्हणजे सहा पुडे.

विभक्तीकडेही बघा. ‘चौघांत २४ लाडू वाटले’ म्हणजे एकूण २४. ‘चौघांना २४-२४ लाडू’ म्हणजे ९६. ‘चौघांना २४ लाडू’ याचे दोन्ही अर्थ लागू शकतात, प्रश्नात लिहूच नये. आणि ‘वाटले’मध्ये ‘सारखे’ आपोआप येत नाही (भावाभावांतल्या वाटण्या आठवा). ते वेगळं लिहावं लागतं. ‘गट बनवा’ही हिंदीचंच, गट पाडतात किंवा करतात.

रामबागकर : लाडू २७ असले तर?

तिलकनगर : २७ = ४ × ६ + ३. भागाकार ६, बाकी ३. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान. भागाकार ५, बाकी ७ असं मांडलं तर बेरीज जुळते, पण त्या सातात अजून एक चार शिल्लक आहे. शेवटचं उत्तर मात्र प्रश्न बघून: चार-चारचे भरलेले डबे ६, सगळे लाडू ठेवायला डबे ७.

‘भाग जात नाही’ हेही दोन अर्थांनी म्हणतात. ‘२७ ला ४ ने भाग जात नाही’ म्हणजे निःशेष जात नाही, बाकी उरते. उभ्या मांडणीत मात्र घेतलेली संख्या भाजकाहून लहान आहे, एवढाच अर्थ. ६१८ ला ६ ने भागताना सहाचा १ लागतो, मग १ खाली आला, त्याला भाग जात नाही, म्हणून भागाकारात ० मांडायचा, मग ८ खाली घेऊन १८ चे ३. उत्तर १०३. शून्य विसरलं की १३ येतं. ताळा केला तर १३ × ६ = ७८, चूक लगेच उघडी पडते.

लोकमान्य नगर : वरच्या वर्गांत संच आला की ‘विभाजन’ हा शब्द येतो. तिथे गट सारखे असायलाच हवेत असं नाही. कुठलाही उपसंच रिकामा नको, दोन उपसंचांत सामायिक घटक नको आणि सगळे मिळून मूळ संच भरायला हवा, बस. सहा जणांच्या तीन जोड्या १५ प्रकारे लागतात: पहिल्याला जोडीदार ५ प्रकारे, उरलेल्या चौघांतल्या एकाला ३ प्रकारे, शेवटची जोडी ठरलेलीच. जोड्यांना लाल, पिवळी, हिरवी अशी नावं दिली तर ६ पट, म्हणजे ९०.

रामबागकर : मग प्रश्न असा लिहितो: ‘२४ लाडू, प्रत्येक पुड्यात सारखे ४, पुडे किती?’

सुदामानगर : ‘सारखे’ काढा. प्रत्येक पुड्यात ४ म्हटल्यावर ते आलंच.