पगार नागपूरकडचा, घर सेलूतच: काय चुकते यात?

बोरकाठचा
मंडळी, मोकळेपणानं बोला. आमचं सेलू, जिल्हा वर्धा. नागपूर साठेक किलोमीटर, वर्धा त्याच्या पाव अंतरावर, अन मधात बुटीबोरी एमआयडीसी. मी बुटीबोरीत कामाले हाय, रोज अपडाऊन करतो, घर सेलूतच ठेवलं. आमच्या गल्लीत नोकरी लागली का दोन-तीन वर्षात नागपुरात बेसा नाई तं मनीषनगरकडे फ्लॅट, मंग हप्ते, मंग म्हातारे मायबाप इथं कुलूप-किल्ली सांभाळत बसतात. नातेवाईक मले म्हणतात तू पोरायचं नुकसान करून रायला. माझं म्हणणं असं का दर महिन्याले पगार येणारा माणूसच गावातून निघून गेला तं गावाचं वजन जाते. शाळेच्या समितीत बसाले कोण, नाली कधी साफ होणार हे विचाराले कोण, चांगला डॉक्टर इथं दवाखाना टाकन कोणाच्या भरवशावर? रस्ता चौपदरी झाला, नागपूरची मेट्रो खापरीपर्यंत हाय, दुसऱ्या टप्प्यात बुटीबोरीपर्यंत येऊन रायली. मंग गाव सोडाची एवढी घाई कायले?

सेलूची सून
दादा, तुमची गाडी दारात उभी असते म्हणून तुम्हाला अपडाऊन सोपं वाटते. मी नागपूरला नोकरी करते. बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा मी रोज घेते, नाही म्हणत नाही, पण संध्याकाळी गाडी नागपुरातूनच भरून निघते, मधल्या थांब्यावर हात दाखवला तरी थांबत नाही, मग अंधारात फोनचा टॉर्च लावून पुढच्या गाडीचा बोर्ड वाचत उभं राहायचं, घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली. सकाळी अंधारात उठून डबे, कूलरमधे पाणी, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवणं, हे सगळं आवरून निघायचं. गावात राहायचं हा निर्णय घरात बसून पुरुष घेतात अन तो निभावते बाई. गावाचं वजन राहावं हे मलाही पटते, पण ते माझ्याच खांद्यावर काऊन?

डोमकळी
वहिनीचं खरं हाय, पण दुसरी बाजू बी पाहा. माह्या चुलतभावानं वावर बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसाले देल्लं अन नागपूरले गेला. कपाशीत गुलाबी बोंडअळी येते तं पयले डोमकळ्या दिसतात, फूल उमलतच नाई, पाकळ्या गुंडाळून राहते. पऱ्हाटीत शिरून त्या तोडून नष्ट करा लागते, कामगंध सापळ्यात पतंग किती पडले ते पाहा लागते. हे व्हिडिओ कॉलवर होते काय? बटईवाला करन तं करन. दोन हंगाम घाटा आला का भावाले वाटते वावर परवडत नाई, तेवढ्यात प्लॉटवाला दारात. आमच्या शिवारात असंच चालू हाय, पऱ्हाटीच्या जागी चुन्याच्या रेघा दिसतात.

खापरी लाईन
मी वर्ध्याकडचाच, आता नागपुरात. भावनेवर कायले चालता? रात्री छातीत दुखलं तं काय करसान? पोरगी नीटची तयारी करते तं क्लास कुठं हाय? आपलं पोट्टं अकरावीत गेल्यावर हेच सगळे नागपूरले खोली पाहत फिरतात, मंग आधीच गेलेलं काय वाईट?

बोरकाठचा
क्लासचं मान्य, तेच्यावर माह्याजवळ उत्तर नाई. दवाखान्याचं नाई मानत. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून खेड्यातच हाय, सावंगीचं मेडिकल कॉलेज बी शहरात नाई, यवतमाळ, चंद्रपूर अन तेलंगणातले पेशंट तिथं येतात. आमाले ते नागपूरपेक्षा जवळ पडते. मोठी सोय शहरातच होते हे आपल्या जिल्ह्यानं तरी बोलू नये.

डोमकळी
अन रस्त्याचं कौतुक जरा जपून करा. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला, सेलडोहले चढा-उतराची सोय हाय, ११ डिसेंबर २०२२ ले शिर्डीपर्यंत चालू झाला, आता ७०१ किलोमीटर पुरा झाला. पण तेच्यावर मोटरसायकल चालत नाई अन ट्रॅक्टर बी नाई. गावातल्या माणसाजवळ तं हेच दोन हाय. चौपदरी रस्त्यानं गाडीवाला लवकर पोचते, एसटीच्या फेऱ्या तेवढ्यानं वाढत नाई.

लग्नाळू सेलू
खरी गोष्ट कोणी बोलूनच नाई रायलं. माझी नोकरी पक्की हाय, तीन एकर ओलिताचं वावर हाय, घर बांधलेलं हाय, तरी पोरीवाले पयला प्रश्न विचारतात, नागपुरात फ्लॅट हाय काय. नाई म्हटलं का चहा पिऊन निघून जातात. मी गावात राहाले तयार हाय, पण एकट्यानं किती दिवस राहू?

सेलूची सून
भाऊ, पोरींना दोष देऊ नका. त्यांनी आपल्या आईला पाहिलेलं असते. पोरगी फ्लॅट मागते म्हणजे नळाला वेळेवर पाणी, रात्री एकटीनं घरी येता येईल असा रस्ता अन स्वतःची नोकरी टिकेल एवढी सोय मागते. हे सेलूत भेटलं तर ती सेलूत राहील. मी लग्न करून आले तेव्हा माझ्या सोबतच्या तिघी जणी गावात नोकरीवाल्या सुना होत्या, तिघीही आता नागपुरात आहेत, अन तिघींनीही कारण संध्याकाळच्या गाडीचंच सांगितलं.

खापरी लाईन
ताई, मंग तुमी तरी काऊन थांबल्या?

सेलूची सून
शेजारच्या घोराडच्या विठ्ठलासमोर पोरगीनं पहिलं पाऊल टाकलं म्हणून नाही थांबले, तसं समजू नका. सासूबाई तिला सांभाळतात अन मला नोकरी करू देतात. नागपूरला गेले तर पाळणाघर अन भाडं यातच पगार जाईल. हिशेब आहे सरळ.

बोरकाठचा
वहिनी, साडेसहानंतर बुटीबोरीहून सेलूकडे एक थांबणारी गाडी पायजे असा अर्ज आगारात देऊ. अपडाऊनवाल्या सगळ्यायच्या सह्या घेतो.

सेलूची सून
द्या. अर्ज मी लिहून देते, बायकांच्या सह्या मी आणते, कोणत्या थांब्यावर किती जणी उभ्या राहतात तेही त्यात टाकू. पण माझ्या घरी फ्लॅटचा विषय अजून मिटलेला नाही, पोरगीच्या शाळेची ॲडमिशन जूनच्या आधी घ्यायची आहे, तोपर्यंत गाडी सुरू झाली तर सेलूतली शाळा, नाही तर मी नागपूरचा फॉर्म भरणार.