मदत हवी आहे: १९८१ ची एअर-कूल्ड फोक्सवॅगन टी-थ्री, टर्बो डिझेल बसवायचंय

नमस्कार मंडळी,

जरा मोठं लिहितेय, पण सगळं एकदाच सांगितलं की उत्तर देणाऱ्यालाही सोपं जातं. आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला राहतो. आमच्याकडे १९८१ ची फोक्सवॅगन टी-थ्री आहे, ती चौकोनी तोंडाची, इंजिन मागे असलेली बस, आत पलंग आणि छोटं किचन आधीच्या मालकाने केलेलं. इंजिन २.० लिटरचं एअर-कूल्ड पेट्रोल, सीयू कोडवालं (कोड म्हणजे फोक्सवॅगनने इंजिनला दिलेली अक्षरं), ७० एचपी, दोन कार्बोरेटर, चार गिअर. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी, १९७९ ला टी-थ्री आली तेव्हा फक्त एअर-कूल्ड इंजिनंच होती, मग १९८१ पासून १.६ चं साधं डिझेल यायला लागलं आणि १९८२ संपता संपता पेट्रोलवालीही वॉटर-कूल्ड झाली. म्हणजे आमची बांधणी एअर-कूल्डची आहे पण तिच्याच बरोबरीने डिझेलवाल्या बाहेर पडत होत्या, आणि माझी सगळी आशा त्यावरच आहे.

बॉडी चांगली आहे हे आधीच सांगते, कारण टी-थ्री म्हटलं की पहिला प्रश्न गंजाचा येतो. पत्र्याचे सगळे जोड खरवडून, प्रायमर मारून, नवीन सीलर भरून घेतलेत, आतून मेण मारलंय.

दुखणं इंजिनाचं आहे. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलं म्हणून हेड काढलं, तर दोन व्हॉल्व्हच्या सीटच्या मधोमध तडा, नख फिरवलं तर अडकतं इतका. दुसऱ्या बाजूच्या हेडला पण त्याच जागी बारीक रेघ दिसतेय. तसं हे होणारच होतं, इथून उल्म शहराकडे ए-८ हायवेने गेलं की द्राकेनश्टाइनचा चढ लागतो, आपल्या बोरघाटाची आठवण व्हावी असा, आणि कॅम्पिंगचं सामान, चार माणसं, वर उन्हाळा असला की ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये रखडत जायचं आणि तेलाच्या तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवायचा. एअर-कूल्डला गार ठेवायला पंख्याची हवा आणि इंजिनचं तेल एवढंच, वेग कमी आणि लोड जास्त झाला की दोन्ही कमी पडतात.

दुसरं कारण हीटर. एअर-कूल्डमध्ये एक्झॉस्टच्या पाइपांभोवती पेट्या असतात, त्यातून गरम झालेली हवा मागून पार पुढे डॅशबोर्डपर्यंत आणायची, ती पुढे येईपर्यंत कोमट होते. आणि त्या पेट्या गंजून भोक पडलं की एक्झॉस्टचा धूर आत यायची भीती. आईबाबा साताऱ्याहून येतात ते नाताळच्या सुमारास, बाबांना दमा आहे, त्यामुळे ही गोष्ट माझ्यासाठी एचपीपेक्षा महत्त्वाची आहे.

तर आता प्रश्न असा की हेड बदलून परत तेच इंजिन उभं करायचं की टर्बो डिझेलवर जायचं. मी जे वाचलंय त्यावरून तीन इंजिनं डोक्यात आहेत. एक, जेएक्स, १.६ टर्बो डिझेल, ७० एचपी, जे फोक्सवॅगनने १९८५ च्या आसपासपासून टी-थ्रीतच दिलं. दोन, एएझेड, १.९ टर्बो डिझेल, ७५ एचपी, गोल्फ-थ्री आणि पसाटमधलं, पूर्ण मेकॅनिकल पंपवालं. तीन, १.९ टीडीआय, वनझेड किंवा एएचयू, ९० एचपी. नवरा टीडीआयच्या बाजूने आहे, मला एएझेड बरं वाटतंय कारण वायरिंग जवळजवळ नाहीच, पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला (डिझेल बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) एक वायर आणि ग्लोप्लगचा (गार इंजिन चालू करताना तापवणारा प्लग) रिले, की झालं. टीडीआयला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आला, अॅक्सिलरेटरला केबलऐवजी सेन्सर आला, नंतरच्या इंजिनांना इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं किल्लीचं लॉक आलं.

मी पुण्यात मेकॅनिकल केलंय, स्पॅनर धरायची भीती नाही, गॅरेज भाड्याने आहे, क्रेन मिळेल. इथल्या एका वर्कशॉपला विचारलं तर त्यांनी आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता, त्यामुळे जमेल तेवढं स्वतःच करायचंय. मला विशेषतः हे कळत नाहीये की इंजिन तिरकं किती ठेवायचं, ५० अंश की १५, कारण दोन्ही करणारे लोक छातीठोकपणे सांगतात. आणि हाच चार गिअरचा गिअरबॉक्स चालेल का? रेडिएटर पुढे बसवायचा तर नाकाचा पत्रा कापावा लागेल का? आणि ट्यूफचं, म्हणजे इथल्या गाडी तपासणीचं कसं करायचं, एच नंबरप्लेट (जुन्या, ऐतिहासिक गाड्यांना मिळते ती) जाईल का?

कोणी स्वतः केलं असेल किंवा जवळून बघितलं असेल तर प्लीज लिहा.

उनाडवारा:
ताई, माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. या इंजिनाची नवीन हेड अजून मिळतात, दोन्ही बदला, व्हॉल्व्ह नवे घाला, पंख्याभोवतीचे सगळे पत्रे आणि इंजिनच्या कडेचं रबर सील जागेवर आहे का बघा. ते रबर फाटलं की खालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच परत ओढतो, बऱ्याच गाड्यांचं तापणं तिथेच असतं. एअर-कूल्ड टी-थ्री आता कमी राहिल्यात, नाक कापलं की ती परत तशी होणार नाही. धुराचं म्हणाल तर हीटरच्या पेट्याही नव्या मिळतात आणि डिझेलवर चालणारा वेगळा हीटर सीटखाली बसवता येतो.

ऑइलपंप:
मी ऑस्ट्रियात एका मित्राबरोबर अशीच गाडी केलीय, आमची पण एअर-कूल्ड होती, एएझेड बसवलं. एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो, इंजिन बसवणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम आहे. खरं काम पाण्याचं आहे.

आधी इंजिन. जेएक्स घेतलं तर ताकदीत काहीच फरक पडणार नाही हे लक्षात घ्या. तुमचं सीयू ७० एचपी आणि १४० न्यूटनमीटर टॉर्क, जेएक्स ७० एचपी आणि १३८. अॅव्हरेज सुधारेल, पाणी असल्यामुळे हीटर सुधारेल, पण चढावर तुम्ही त्याच ट्रकच्या मागे असाल. शिवाय जेएक्सलाही दोन व्हॉल्व्हच्या मधे हेड क्रॅक व्हायची खोड आहेच. एएझेड १५० पर्यंत जातं, टीडीआय २०० च्या वर आणि तेही १९०० आरपीएमलाच. चढावर फरक टीडीआयनेच कळतो, नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण तोच टॉर्क ४० वर्षं जुन्या गिअरबॉक्सच्या तिसऱ्या-चौथ्या गिअरवर येतो, आणि खालच्या आरपीएमला पॅडल दाबून चढ काढायची सवय लागली की गिअरबॉक्स लवकर आवाज करायला लागतो.

तिरकेपणाचं असं आहे. फोक्सवॅगनने टी-थ्रीत डिझेल ५० अंश डावीकडे झोपवून बसवलं, कारण वर पलंग आणि सामानाची जागा आहे. त्यासाठी डिझेल टी-थ्रीचं चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं), तेल ओढणारा पिकअप, डिपस्टिकची नळी, फाउंडेशन (इंजिन बसतं ते माउंट), एक्झॉस्ट, सगळं वेगळं आहे, आणि ते एएझेडला बसतं कारण ब्लॉकचं घराणं एकच. १५ अंशाला ठेवलं तर गोल्फचेच बरेच पार्ट चालतात, हात घालायला जागा मिळते, पण इंजिनवरचं झाकण कायमचं उंच करावं लागतं म्हणजे तुमचा पलंग गेला. तुम्ही झोपता त्या गाडीत, मग ५० अंशच. फक्त टर्बोचं तेल परत यायची नळी नीट बघा. टर्बोतून तेल चेंबरमध्ये नुसतं ओघळून येतं, मागे पंप नाही, त्यामुळे नळीला कुठेही आडवा भाग किंवा पोट आलं तर तेल टर्बोत साचतं आणि सीलमधून एक्झॉस्टला जाऊन निळा धूर सुरू होतो. आमच्या गाडीत नळी एकदा जेमतेम बोटभर वर वाकली होती, तेवढ्यानेच धूर धरला.

गिअरबॉक्स बेलहाउसिंगपाशी, म्हणजे इंजिनला जोडणाऱ्या त्याच्या घंटेसारख्या कव्हरपाशी अडतो. बॉक्सर इंजिनचे (तुमचं, आडव्या समोरासमोरच्या सिलिंडरचं) बोल्ट वेगळे, सरळ चार सिलिंडरचे वेगळे, म्हणून डिझेल टी-थ्रीचं बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लच आणि सेल्फ लागतो. इनपुट शाफ्टची लांबी आणि पुढचं बेअरिंग ऑर्डर द्यायच्या आधी कॅलिपरने मोजा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. सुट्टं बेलहाउसिंग शोधताना एखादा स्वस्त ५० एचपी डिझेलचा अख्खा गिअरबॉक्स मिळेल, तो तसाच लावू नका, त्याचे गिअर फार आखूड आहेत, हायवेला इंजिन ओरडत राहील.

आता पाणी. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधे गाडीच्या पोटाखालून दोन लांब पाइप, स्टेनलेसचे घ्या. एअर-कूल्डला पुढे खालची जाळी नसते, रेडिएटरचे ब्रॅकेट नसतात. नाकाचा पत्रा आम्ही कापला नाही, भंगारातल्या डिझेल टी-थ्रीचा खालचा पॅनेल जाळीसकट आणून वेल्ड केला, दिसायला कंपनीचंच. हीटरसाठी डॅशबोर्डमागचा अख्खा ब्लोअर बॉक्स वॉटर-कूल्ड गाडीचा घ्यावा लागतो, तुमच्या बॉक्समध्ये पाण्याची कॉइलच नाही. म्हणजे डॅशबोर्ड पूर्ण बाहेर. मीटरमध्ये पाण्याच्या तापमानाचा काटा नाही, काटा असलेला अख्खा मीटरचा संच (क्लस्टर) पण लागेल, आणि आरपीएम मीटर डायनामोच्या डब्ल्यू टर्मिनलवरून घ्यावा लागेल कारण डिझेलला इग्निशन कॉइल नाही.

हे सगळं सुट्टं सुट्टं गोळा करत बसलात तर पैसे आणि जीव दोन्ही जाईल. सडलेली पण पूर्ण अशी डिझेल टी-थ्री डोनर म्हणून घ्या, त्यातून पाइपापासून क्लिपपर्यंत सगळं येतं, उरलेलं विकून टाका. त्यात फक्त इंजिन एएझेडचं घाला.

पेट्रोलची टाकी काढून आतून धुवा, तळाला लाल गाळ असतोच. तुमच्या कार्बोरेटरला परतीची लाइन नाही, डिझेल पंपाला लागते, ती टाकीपर्यंत न्यावीच लागेल. ब्रेकच्या सर्व्होला पेट्रोलमध्ये मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळतो, डिझेलमध्ये तो मिळत नाही, ब्लॉकवरचा व्हॅक्यूम पंप चालू स्थितीतला बघून घ्या. हे विसरून गाडी उतारावर काढू नका.

पाणी भरताना तोंड जॅकवर उचलायचं, रेडिएटरच्या वरचा स्क्रू सैल करायचा, इंजिन थोडं रेझ ठेवून हवा काढायची. घाई केली तर हवा अडकते आणि नवीन हेड पहिल्याच चढावर जातं.

सोनटक्का:
तांत्रिक बाजू वरच्यांनी छान लिहिलीय, मी कागदांचं लिहिते, आमच्या घरी एच प्लेटच्या दोन गाड्या आहेत. इंजिनचा प्रकार बदलला, पेट्रोलचं डिझेल झालं की गाडीची जुनी परवानगी संपते, इथल्या वाहन नियमांच्या कलम २१ खाली तज्ज्ञाची तपासणी करून परत नोंद करावी लागते. तो तज्ज्ञ आधी गाठा. इंजिन विकत घ्यायच्या आधी. डोक्यात काय आहे ते एका कागदावर लिहून, इंजिन कोड, कुठल्या गाडीतलं, उत्सर्जनाचे कागद, ब्रेक कुठले, घेऊन जा आणि हे पास कराल का विचारा. प्रत्येकाचं मत थोडं वेगळं असतं, तुमचा रिपोर्ट जो लिहिणार त्याचंच मत कामाचं.

एच प्लेटला गाडी किमान ३० वर्षांची आणि मूळ स्थितीच्या जवळ लागते, बदल असले तर ते त्या काळातले हवेत, साधारण पहिल्या १० वर्षांत होऊ शकले असते असे. जेएक्स टी-थ्रीतच येत होतं त्यामुळे ते सगळ्यात सोपं. एएझेड काठावर आहे.

आणि स्टुटगार्टजवळ राहताय म्हणून हे महत्त्वाचं, शहरात २०१९ पासून युरो-४ (धुराच्या प्रदूषणाचा वर्ग) आणि त्याखालच्या डिझेलला बंदी आहे, एच प्लेटला सूट आहे. एच गेली तर स्टुटगार्टमध्ये गाडी नेता येणार नाही. टॅक्सचंही बघा, एच प्लेटला वर्षाला सरसकट १९१.७३ युरो, आणि साधी प्लेट, कार म्हणून नोंद, कुठल्याच उत्सर्जन वर्गात न बसणारं डिझेल असेल तर दर १०० सीसीला ३७.५८ युरो, म्हणजे एएझेडला ७०० च्या वर. कॅम्पर म्हणून नोंद असेल तर हिशोब वजनावर होतो, तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते बघा.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ऑइलपंप यांचे, टर्बोच्या नळीचं कुठेच वाचलं नव्हतं.

उनाडवारा, राग कसला, तुमच्या पोस्टनंतर खाली जाऊन इंजिनच्या कडेचं रबर बघितलं, मागच्या बाजूला हातभर फाटलेलं आहे. ते तापण्याचं एक कारण नक्की असणार. पण बाबांचा दमा आणि हिवाळा हे काही मनातून जात नाही, आणि वेगळा हीटर लावला तरी चढाचा प्रश्न राहतोच. त्यामुळे पाण्यावर जायचं हे आमचं ठरलंय, फक्त इंजिन कुठलं ते तज्ज्ञाला भेटून मगच. कागदावर कॅम्पर नाही, कार आहे, म्हणजे एच घालवून चालणार नाही. जेएक्स आणि एएझेड दोन्हींचे कागद घेऊन जाणार आहे. नवऱ्याला टीडीआयचं टॅक्स आणि बंदीसकट दाखवलं, त्याने मान्य केलं. जुनं सीयू इंजिन, पंख्याचे पत्रे, हीटरच्या पेट्या काहीही विकणार नाही, सगळं नावं लिहून ठेवणार, पुढे कोणाला मूळ रूपात आणायची झाली तर.

अजून एक विचारायचंय ऑइलपंप, जेएक्स पास झालं आणि एएझेड नाही झालं, तर जेएक्सच्या हेडमधला तो क्रॅक बाहेरून, इंजिन न खोलता ओळखता येतो का? म्हणजे डोनर बघायला गेल्यावर कॉम्प्रेशन, पाण्यात बुडबुडे, पाइप कडक होणं, यातलं काय बघून घ्यायचं की नाही हे ठरवता? आल्ब डोंगराच्या पायथ्याशी एका गावात १९८६ ची एक उभी आहे, मालक म्हणतो चालू होते, शनिवारी बघायला जायचंय.